मिशनच्या होस्टेलला वस्तू द्यायच्यात? आधी त्यांच्या कोठीत काय आहे ते विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मुलीचा दहावा वाढदिवस ऑगस्टमध्ये आहे, तेव्हा गावाजवळच्या सिस्टर लोकांच्या मुलींच्या होस्टेलला मदत करायचीय, तिथे ६० मुली आहेत, बजेट ३० हजार, सोसायटीतून जुने कपडे पण गोळा होतायत, आणि घरातले एक-दोघं म्हणतायत की मिशनरी संस्था आहे, तिथे कशाला. तर काय द्यावं, पैसे की वस्तू, आणि कसं द्यावं.

मी नगर जिल्ह्यात अशाच एका सिस्टरांच्या संस्थेत २१ वर्षं कोठी सांभाळली, म्हणजे धान्य, कपडे, साबण, वह्या, अंथरूण-पांघरूण जे काही आत यायचं आणि बाहेर जायचं ते माझ्या रजिस्टरमधून. मुली मला मावशी म्हणायच्या. त्यामुळे देणाऱ्याची बाजू मला माहितीय पण त्याहून जास्त मला माहितीय की दिलेल्या वस्तूचं गाडी निघून गेल्यावर काय होतं. तेच सांगते.

सगळ्यात आधी एक फोन करा. "आम्हाला मदत करायचीय, काय आणू?" असं विचारलंत तर सिस्टर संकोचाने म्हणतील, "काहीही चालेल, देवाच्या कृपेने सगळं आहे". ते धरू नका. विचारायचं असं की "सिस्टर, या महिन्यात तुम्ही दुकानातून विकत काय आणलं आणि पुढच्या महिन्यात काय आणावं लागणार?" मग खरी यादी बाहेर येते. आणि त्या यादीत टेडी बेअर नसतो, रेक्झिनचं कापड असतं, उवांचं औषध असतं, निकरा असतात, गॅसचा सिलिंडर असतो. ही यादी बघून बऱ्याच लोकांचा हिरमोड होतो, कारण आपल्या डोक्यात मुलींना फ्रॉक देतानाचं चित्र असतं. पण ६० मुलींचं घर चालतं ते याच यादीवर.

रेक्झिनचं सांगते म्हणजे लक्षात येईल. आमच्याकडे निम्म्याहून जास्त मुली ऊसतोड कामगारांच्या. दसरा झाला की टोळ्या निघायच्या, आई-बाप मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन कारखान्यावर जाणार, मग पाथर्डीकडची, बीडकडची माणसं सहा-सात वर्षांची पोर आमच्याकडे आणून सोडायची आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की एप्रिलच्या आसपास न्यायला यायची. ही पोर आयुष्यात पहिल्यांदा आईशिवाय झोपते. पहिले तीन-चार आठवडे अंथरूण ओलं होतंच, रोज सात-आठ गाद्या. कापसाची गादी एकदा भिजली की हिवाळ्यात दोन दिवस वाळत नाही, वास बसतो, मग ती मुलगी इतर मुलींच्यात खाली मान घालून बसते, जेवत नाही. गादीवर घालायला मीटर-दीड मीटर रेक्झिन आणि त्यावर एक जुनी सुती साडी दुमडून, एवढंच लागतं. सकाळी रेक्झिन पुसायचं, साडी धुवायची, कुणाला कळत पण नाही. एका वर्षी एका बाईंनी दुकानातून रेक्झिनचा अख्खा रोल आणून दिला, माझ्या २१ वर्षांत मला त्याच्याइतकी उपयोगी देणगी आठवत नाही. आणि बघा, जुन्या सुती साड्या तुमच्या सोसायटीत ढिगाने मिळतील.

आता जुन्या कपड्यांचं बोलू कारण गोंधळ तिथेच होतो. जुने कपडे देऊ नका असं मी म्हणणार नाही, चांगले असतील तर आम्ही आनंदाने घ्यायचो, पण सोसायटीत खोका ठेवला की त्यात काय पडतं ते मी बघितलंय. फाटलेल्या जीन्स, लग्नातले टोचणारे जरीचे घागरे, पुरुषांचे शर्ट, एकदा तर न धुतलेले मोजे. असे १० खोके आले की माझे आणि दोन मुलींचे तीन दिवस निवडण्यात जायचे आणि हातात २० कपडे राहायचे, बाकीचं पायपुसण्याला नाहीतर भंगारवाल्याला. म्हणून निवड तुमच्याकडे करा. नियम सोपा, तुमच्या भाचीला तुम्ही घालाल का? हो असेल तर धुवून, बटणं लावून, चेन चालतेय बघून, वयाप्रमाणे वेगळ्या पिशवीत, वर चिठ्ठी लावून, "८ ते १० वर्षं, ६ ड्रेस". आणि आतले कपडे, निकरा, स्लिप, मोठ्या मुलींच्या ब्रा, हे फक्त नवीन. इथे काटकसर नको. सहा वर्षांच्या मुलीला पण कळतं की ही निकर दुसऱ्या कुणाची होती.

आतले कपडे हीच वस्तू कुणी देत नाही बरं का. लाज वाटते म्हणून असेल किंवा फोटोत दिसत नाही म्हणून असेल. पण दर चार-सहा महिन्यांनी सगळ्यांना लागतात आणि पावसाळ्यात तर वाळतच नाहीत, दोनच जोड असतील तर मुलगी ओलं घालून शाळेत जाते, मग खाज, मग गजकर्ण. तसंच पॅडचं. मोठ्या २५ मुली धरल्या तर महिन्याला प्रत्येकी दोन छोटी पाकिटं, म्हणजे महिन्याला ५०, वर्षाला ६००. एखाद्याने वर्षाचे पॅड लावून दिले तर सिस्टरांची केवढी काळजी मिटते. कापडी पॅड वापरा असा सल्ला द्यायला पुष्कळ जण येतात, पण ते उन्हात वाळत घालायला आडोशाची जागा लागते आणि ६० मुलींच्या एकाच अंगणात ती नसते, त्यामुळे आधी तिथल्या मोठ्या मुलींना काय चालतं ते सिस्टरांकडून विचारून घ्या.

खरूज आणि उवा हे दोन शब्द ऐकून नाक मुरडू नका, जिथे मुलं एकत्र झोपतात तिथे हे असणारच. औषध डॉक्टर सांगतील तेच आणि तेवढंच, पण तुम्ही बिल देऊ शकता. खरजेचं मलम एका मुलीला लावून भागत नाही, एकाच रात्री सगळ्यांना लावावं लागतं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या चादरी गरम पाण्यात, म्हणजे एका वेळी ६० जणींचं औषध, त्यात महिन्याचं बजेट कोलमडतं. बारीक दातांच्या फण्या, नेलकटर, डोक्याला लावायचं खोबरेल, साधा अंगाचा साबण हे कायम लागतं. घरातली उरलेली औषधं मात्र देऊ नका, अर्ध्या पट्ट्या, तारीख संपत आलेली सिरपं, आम्ही ती वापरू शकत नाही आणि टाकायची कुठे हा वेगळा प्रश्न.

धान्याचं थोडं हिशोबाने. बालगृहांसाठी केंद्र सरकारच्या २०१६ च्या बाल न्याय नियमांत आहाराचं माप दिलंय, एका मुलाला दिवसाला धान्य ६०० ग्रॅम, डाळ किंवा कडधान्य १२० ग्रॅम, तेल २५ ग्रॅम, शिवाय दूध, भाज्या, अंडी वगैरे. ६० मुलींना ते लावलं तर रोज ३६ किलो धान्य आणि सात किलोच्या वर डाळ. लहान मुली एवढं खात नाहीत, पण ऊसतोडीवरून आलेल्या मुली पहिल्या महिन्यात याहून जास्त खातात, मी स्वतः वाढलंय. तर तुमच्या लक्षात येईल की "५ किलो तांदूळ, ५ किलो गहू, ५ किलो साखर" अशी छोटी छोटी पाकिटं आणण्यापेक्षा एकच जिन्नस पोत्याने आणलेला बरा. तूरडाळ आणा. ती महाग म्हणून देणारे कमी आणतात आणि तिथेच ओढाताण होते, मग आमटी पातळ होत जाते. शेंगदाणे, गूळ, हरभरे, मटकी पण फार चांगलं, मुली शाळेतून आल्या की मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा, त्याला तोड नाही.

आणि पीठ आणू नका, गहू आणा. एका दिवाळीला आमच्याकडे एकाच आठवड्यात तीन ठिकाणांहून मिळून २०० किलो दळलेलं पीठ आलं. देणाऱ्यांनी चांगल्या मनाने, आम्हाला दळायचा त्रास नको म्हणून दिलेलं. तेव्हा नेमक्या बऱ्याच मुली सुट्टीला घरी गेलेल्या. तीन आठवड्यांत त्याला जाळी धरली, चाळलं, उन्हात घातलं, चाळलं, तरी कडवट लागायला लागलं, शेवटी शेजारच्या गोठ्यात दिलं. तेच गहू असते तर कडुलिंबाचा पाला घालून मार्चपर्यंत टिकले असते, आमच्या गावचा गिरणीवाला मिशनचं दळण अर्ध्या पैशात करून द्यायचा. तांदूळ पण पावसाळ्यात जपून, पोरकिडे लगेच होतात, कोठी कोरडी आहे का विचारून मगच जास्त आणा.

लग्नातलं उरलेलं जेवण हा विषय निघाला की मी कडक होते. एका मे महिन्यात रात्री साडेदहाला एका कार्यालयातून श्रीखंड आणि पुऱ्या आल्या, मुली जाग्याच होत्या, उत्साहात सगळ्यांना वाढलं. पहाटे तीनपासून १४ मुलींना उलट्या. मी आणि एक सिस्टर जीपमधून दोन फेऱ्या करून त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो, सगळ्या वाचल्या, पण त्या जीपमधली ती सर्वात लहान मुलगी माझ्या मांडीवर डोकं ठेवून "मावशी मला आईकडे सोडा" म्हणत होती ते अजून कानात आहे. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम, शिजवलेलं अन्न घ्यायचं तर तिथेच शिजलेलं, ताजं, आणि दोन दिवस आधी कळवलेलं. तुम्हाला जेवण द्यायचं असेल तर सामान आणा, तिथल्या स्वयंपाकाच्या बाईंना सांगा, आणि तुम्ही पण पंगतीत बसा.

वस्तू की पैसे, यावर माझं मत असं की दोन्ही, आणि मधला एक रस्ता आहे तो सगळ्यात चांगला. बहुतेक संस्थांचं गावातल्या किराणा दुकानात खातं असतं, वहीवर उधारी चालते. तुम्ही त्या दुकानात जाऊन संस्थेच्या खात्यावर पैसे भरा, दुकानदाराकडून बिल घ्या, सिस्टर लागेल तसं सामान उचलतील. किडे नाहीत, साठवण नाही, वाहतूक नाही, पैसा वस्तूतच गेला याची खात्री. गॅस एजन्सीचं तसंच, वीजबिलाचं तसंच. वस्तू दिसतात म्हणून लोक वस्तू आणतात, पण स्वयंपाकाच्या बाईचा पगार आणि मोटार जळल्यावरचं रिवाइंडिंग कुणी आणत नाही, ते रोख पैशातूनच होतं.

करसवलतीचं पण सांगते कारण यात लोकांची फसगत होते. ज्याला आपण ८०जी म्हणतो ती सवलत वस्तूंवर मिळत नाही, फक्त पैशांवर, आणि रोख दिले तर २ हजारांपर्यंतच, त्याच्यावर चेक किंवा ऑनलाइन. नवीन करपद्धत घेतली असेल तर तीही नाही. वस्तू दिल्या तरी पावती घ्याच, "तूरडाळ ५० किलो" अशी लिहिलेली, कारण महिला व बालविकास खात्याची तपासणी आली की साठा रजिस्टरमधल्या आवकीला तोच आधार.

तुमचा कुणी भाऊ-बहीण परदेशात असेल आणि पैसे पाठवायचं म्हणत असेल तर जरा थांबा. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवले तर ती विदेशी देणगी धरत नाहीत, पण नागरिकत्व तिकडचं घेतलं असेल, ओसीआय कार्ड (मूळ भारतीय पण परदेशी नागरिक झालेल्यांना मिळतं ते) असलं तरी, ती विदेशी देणगी होते, आणि मग संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी घ्यायच्या कायद्याखालची, नोंदणी पाहिजे आणि पैसे त्यांच्या दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरलेल्या खात्यातच गेले पाहिजेत. साध्या खात्यात टाकले तर अडचणीत संस्था येते, पाठवणारा नाही. डिसेंबर २०२१ मध्ये मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीचं एफसीआरए नूतनीकरण नाकारलं होतं, मग जानेवारी २०२२ मध्ये परत मिळालं, एवढ्या मोठ्या संस्थेला घोर लागतो तर गावातल्या चार सिस्टरांचं काय. लोकांना वाटतं मिशन म्हणजे बाहेरून बक्कळ पैसा येतो. बऱ्याच ठिकाणी आता तसं राहिलेलं नाही, गावातली माणसं, माजी विद्यार्थिनी आणि तुमच्यासारखे वाढदिवसवाले यांच्यावरच कोठी चालते.

घरातल्यांच्या शंकेला शंका म्हणूनच घ्या, चिडू नका, आणि उत्तर बोलून देण्यापेक्षा दाखवून द्या. बालगृह असेल तर बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ४१ खालचं नोंदणीपत्र असलंच पाहिजे आणि प्रत्येक मुलगी बालकल्याण समितीच्या आदेशाने आलेली असते. नुसतं शाळेचं होस्टेल असेल तर ट्रस्टची नोंदणी विचारा, पालकांच्या सह्यांचे प्रवेश अर्ज असतात. हे मागितलं म्हणून चांगली संस्था रागावत नाही. टाळाटाळ केली तर मात्र देऊ नका, मग ती सिस्टरांची असो, मठाची असो की आणखी कुणाची. आमच्याकडच्या मुली हिंदू घरातल्या होत्या, बौद्ध होत्या, थोड्या ख्रिस्ती होत्या, त्यांच्या आया त्यांना कपाळाला कुंकू लावून सोडून जायच्या आणि ते कुंकू कुणी पुसलं नाही. सगळीकडे असंच असेल असं मी कशी म्हणू, म्हणून तर म्हणते की घरच्यांना घेऊन जा, दोन तास बसा, मुलींशी बोला. आपल्याकडे हा विषय आजचा नाही, पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं तेव्हापासून हा धर्मांतराचा वाद आहे, आणि त्याच बाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी मुली-बायका गोळा करून पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, ते आजही चालू आहे. आणि त्यांनी नुसतं दान घेऊन बायका पोसल्या नाहीत, शेती, विणकाम, छापखाना, हाताला काम दिलं. म्हणून एखाद्या संस्थेत शिलाई मशीन असेल तर दोरे, सुया, अस्तराचं कापड, मशीनची सर्व्हिसिंग याचं विचारा. आमच्याकडे चार मशीन होत्या आणि तीन धूळ खात होत्या, कारण फक्त पट्टे तुटलेले.

शाळेच्या सामानात एक चूक नेहमी होते, सगळे वह्या आणतात आणि सगळ्या १०० पानी एकेरी. विचारून आणा, लहानांना चौकटी आणि दुरेघी, आठवीच्या वर २०० पानी. पहिली ते आठवीची पुस्तकं सरकारी आणि अनुदानित शाळेत फुकट मिळतात, नववी-दहावीची विकत घ्यावी लागतात, तेव्हा त्या १०-१२ मुलींची पुस्तकं, कंपास आणि दहावीच्या परीक्षेची फी, एवढं कुणी उचललं तर फार मोठी गोष्ट. डिसेंबरात नाताळ म्हणून आमची कोठी ओसंडून वाहायची, चॉकलेटं, केक, स्वेटरवर स्वेटर, आणि जूनमध्ये जेव्हा खरी गरज तेव्हा फोन वाजायचा नाही.

तिथे जाल तेव्हा फोटोचं सांभाळा. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचा फोटो, नाव, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायला त्याच बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ने बंदी आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस पण नको. पण मला कायद्यापेक्षा दुसरं सांगायचंय. एकेका मुलीला पुढे बोलवून, वस्तू हातात देऊन, हसायला लावून फोटो काढतात ना, तेव्हा दहा-बारा वर्षांच्या मुली मागे मागे सरकतात, कारण त्यांच्या शाळेतली कुणीतरी तो फोटो बघणार हे त्यांना माहिती असतं. सामान सिस्टरांकडे द्या, त्या वाटतील. मुलींना ते घरातून मिळाल्यासारखं वाटू दे. तुमच्या मुलीने त्यांच्याबरोबर लंगडी खेळावी, जेवावं, तिचा वाढदिवस तसाच छान होईल.

आता तुमचे ३० हजार. ऑगस्ट म्हणजे पाऊस, तेव्हा मी असं करेन. पावसाळी चपला ६० जोड, होलसेलवाल्याकडून घेतल्या तर १० हजारांच्या आसपास. मापं अंदाजाने घेऊ नका, सिस्टरांना सांगा की रद्दी पेपरवर प्रत्येकीचा पाय आखून वर नाव न लिहिता नंबर लिहून ठेवा, आम्ही एकदा "६ ते १० वर्षं" अशा अंदाजाने आलेल्या ४० जोडांतल्या १७ जोडांचं काय करायचं म्हणून वर्षभर ते खोके इकडून तिकडे हलवत होतो. मग नवीन निकरा प्रत्येकी दोन, १२० नग, सात-आठ हजार. तूरडाळ ५० किलोचं एक पोतं, भाव बघून सहा-सात हजार. उरलेले किराणा दुकानाच्या खात्यावर. सोसायटीतून कपड्यांऐवजी यावेळी फक्त सुती साड्या आणि चांगल्या चादरी मागा.

फोन सकाळी १० ते १२ मध्ये करा, मुली शाळेत असतात, सिस्टर मोकळ्या असतात. आणि टेम्पो आणणार असाल तर दुपारी चारच्या आत आणा, पोती उतरवायला गडी त्या वेळेपर्यंतच असतो, नाहीतर ती ५० किलोची पोती स्वयंपाकाच्या बाई आणि मोठ्या मुली ओढत नेतात.